मूल होत नाही, तर तपासणी कुणाची?

(मिरजगाव, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. ज्या कुटुंबांचा उल्लेख आहे त्यांच्या खुणा बदलल्या आहेत.)

मैत्रिणींनो, आशाताई, अंगणवाडीच्या ताई, आणि मागे मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या भावांनो,

पत्रिकेवर माझा विषय 'स्त्रियांचे आरोग्य' असा छापला आहे. पण आज मी बोलणार आहे पुरुषांच्या शरीराबद्दल. पदर तोंडाला लावून हसलात तरी चालेल, फक्त उठून जाऊ नका. रघुनाथराव कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. शंभर वर्षांपूर्वी एक माणूस मराठीत हे सगळे उघड लिहीत होता. आपण आज मिरजगावात ते बोलायला लाजलो, तर त्यांच्या कष्टांचे काय झाले म्हणायचे?

सुरुवात माझ्या घरापासून करते. माझी एक आत्या होती. याच भागात, इथून दोन-तीन कोसांवर दिलेली. पाच वर्षे मूल झाले नाही. मग जे होते ते सगळे झाले. उपास, नवस, अंगारे, कुणा जाणत्याने पोटावर दिलेले डाग. शेवटी नवऱ्याने दुसरी केली. दुसरीलाही मूल झाले नाही. मग तिसरी केली. तिसरीलाही नाही. तीन बायका, एक पुरुष, आणि गावाने वांझ ठरवले तिन्ही बायकांना! बाजारात भाजीचा हिशेब बोटांवर करणाऱ्या माणसांना एवढा साधा हिशेब जमला नाही.

आत्या माहेरी आली आणि शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली. माझ्या डोहाळजेवणाला सगळा स्वयंपाक तिने केला, पण ओटी भरायला ती बाहेर आली नाही. मी बोलवायला गेले तर म्हणाली, "नको गं बाई, माझी सावली नको तुझ्यावर." मी तोवर एम. एस. डब्ल्यू. होऊन काम करू लागले होते. तिच्या नवऱ्याला तिघींपासून मूल झाले नाही याचा अर्थ काय, ते मला कळत होते. तरी त्या दिवशी मी गप्प बसले. पाहुणे जमले होते, वाद नको वाटला. ती आता नाही. आजचे भाषण मी तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे असे समजा.

आता अलीकडची गोष्ट. एक जोडपे आमच्याकडे आले. लग्नाला सहा वर्षे झालेली. सोबत सासू. सुनेच्या हातात जाडजूड फाइल. चार सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, नळ्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे, दोनदा पिशवी साफ केलेली. मी फाइल शेवटपर्यंत चाळली आणि विचारले, "यांची तपासणी कुठे आहे?" नवरा खाली बघायला लागला. सासू म्हणाली, "त्याला काय झालंय? धडधाकट गडी आहे. दोन पोती एका दमात उचलतो."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. कारण त्या माउलीच्या मनात दुष्टावा नव्हता. तिचा तो खराखुरा प्रश्न होता. दोन पोती उचलणाऱ्या, दाढी-मिशा असलेल्या, बायकोबरोबर नीट संसार करणाऱ्या पुरुषाच्या बीजात कमतरता असू शकते का? या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे तर पुरुषाच्या वृषणात, म्हणजे बोलीत ज्याला आपण अंड म्हणतो त्यात, काय चालते ते समजून घ्यावे लागेल. मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही. मात्र या कामासाठी डॉक्टरांना विचारून, वाचून जे मला समजले ते सोपे करून सांगते.

पहिली गोष्ट. वृषणात दोन खाती आहेत. आत बारीक नळ्यांची गुंतवळ असते, त्या नळ्यांत शुक्रजंतू तयार होतात. आणि नळ्यांच्या मधल्या जागेत दुसऱ्याच पेशी असतात, त्या पुरुषी संप्रेरक तयार करतात. दाढी, भरडा आवाज, दंडातली ताकद, इच्छा हे सगळे त्या संप्रेरकाचे काम. ते सरळ रक्तात जाते. म्हणजे शुक्रजंतूंचे खाते अडखळले तरी दाढी-मिशांचे खाते अगदी व्यवस्थित चालू असू शकते. सासूबाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळाले.

उरलेले अर्धे उत्तर आहे ताकदीबद्दल. शुक्रजंतूलाही ताकद लागते. एक मिलिमीटरचा विसावा भाग एवढी त्याची लांबी. त्याला गर्भाशयाच्या तोंडातून आत शिरून नळीपर्यंत जायचे आणि शेवटी स्त्रीबीजाचे कवच भेदायचे. त्यासाठी शेपटी सतत हलली पाहिजे. शेपटी हलवायला लागणारी ऊर्जा साखरेतून मिळते. आपल्या दंडालाही ती तशीच मिळते. पण साखर पेशीत एकदम जळत नाही, ती टप्प्याटप्प्याने फोडली जाते. पहिल्या भागात असे दहा टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर काम करणारे एक एन्झाइम आहे. मराठी पुस्तकात त्याला विकर म्हणतात. विकर बरं का, विकार नव्हे! ओळीतला एक जण जरी कामावर आला नाही तरी पुढचे काम अडते. ऊस तोडायला माणसे आहेत, मोळ्या बांधून झाल्या आहेत, पण गाडीच आली नाही, तर ऊस फडातच वाळतो, तसे.

आता मुख्य मुद्दा. दंडात काम करणारी एन्झाइम आणि शुक्रजंतूत काम करणारी एन्झाइम सगळी एकच नाहीत. काही टप्प्यांवर शुक्रजंतूची स्वतःची, फक्त त्याच्यासाठी राखलेली एन्झाइम आहेत. शरीरात इतरत्र ती जवळजवळ सापडत नाहीत. म्हणून पोते उचलणारा हात त्यांच्याबद्दल काहीच सांगू शकत नाही.

हे कसे होते? प्रत्येक एन्झाइमची कृती आपल्या जनुकात लिहिलेली असते. शरीराच्या बहुतेक पेशींत सगळी जनुके असतात. डोळ्याच्या पेशीत आतड्याची कृती असते, आतड्याच्या पेशीत डोळ्याची असते. मग गोंधळ का होत नाही? तलाठ्याच्या दप्तराचे उदाहरण घ्या. दप्तरात सगळ्या गावाची नोंद असते, पण तुम्ही गेलात की तुमच्या गटाचा तेवढा उतारा निघतो. पेशीही तेच करते. दप्तर सगळे, पण उतारा हवा तेवढाच. उतारा निघाला की त्याप्रमाणे एन्झाइम तयार होते. याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. वृषणातल्या पेशी असे काही उतारे काढतात, जे शरीरातली दुसरी कोणतीही पेशी सहसा काढत नाही.

ही वेगळी सोय निसर्गाला का करावी लागली, ती गोष्ट मला फार आवडली. पुरुषाच्या पेशीत एक्स आणि वाय ही दोन लिंग-गुणसूत्रे असतात. वाय बापाकडून येते. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरते, हे आपण गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या प्रत्येक सभेत सांगत आलो. एक्स मात्र पुरुषाला मिळते आईकडून, फक्त आईकडून. साखर फोडण्याच्या दहा टप्प्यांपैकी सातव्या टप्प्याच्या एन्झाइमचे नाव आहे पीजीके. त्याची कृती या आईकडून आलेल्या एक्सवर आहे. आता शुक्रजंतू तयार होताना एक वेळ अशी येते की पेशी एक्स आणि वाय दोन्ही गुंडाळून बाजूला ठेवते. तिथून उतारे निघणे बंद. म्हणजे ऐन भरात असलेल्या कामात वीज गेली!

आपल्याकडे वीज गेली की शेतकरी काय करतो? डिझेल इंजिन काढतो. पेशीचेही तसेच आहे. फार प्राचीन काळी पीजीकेच्या कृतीची एक नक्कल होऊन ती दुसऱ्या गुणसूत्रावर जाऊन बसलेली आहे. माणसात ती सहाव्या गुणसूत्रावर आहे, तिचे नाव पीजीके-२. ही नक्कल एरवी निजलेली असते आणि वृषणात, शुक्रजंतू घडताना, जागी होते. माणसातली ही नक्कल कशी झाली असावी ते १९८७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. एक्सवरच्या आणखी एका ऊर्जेच्या एन्झाइमचीही अशीच नक्कल चौथ्या गुणसूत्रावर आहे.

आणखी एक पात्र आहे, त्याच्याबद्दल सांगितलेच पाहिजे. वृषणाच्या नळ्यांत घडणारे शुक्रजंतू एकटे वाढत नाहीत. त्यांना पोटाशी धरून बसलेल्या मोठ्या पेशी असतात. १८६५ साली इटलीतल्या सेर्तोली नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना सेर्तोली पेशी म्हणतात. घडणाऱ्या शुक्रपेशीला एका टप्प्यावर थेट साखर फारशी मानवत नाही. सेर्तोली पेशी रक्तातली साखर घेतात, तिचे लॅक्टेट करतात आणि ते या पेशींना भरवतात. आई घास चावून मऊ करून लेकराला देते ना, तसेच. हे लॅक्टेट वापरायला लागणारे एक खास एन्झाइम आहे, एलडीएच-सी. १९६३ साली ते प्रथम माणसाच्या वृषणात ओळखले गेले. म्हणजे या गोष्टी काही कालपरवाच्या नाहीत. आत्याचा नवरा तिसरी बायको करत होता त्याच्या कितीतरी आधी प्रयोगशाळेत हे माहीत झाले होते.

आता हे एन्झाइम नसले तर काय होते? माणसावर असा प्रयोग करता येत नाही, म्हणून तो उंदरांवर केला. २००४ साली अमेरिकेत सहाव्या टप्प्याचे, फक्त शुक्रजंतूत असणारे एन्झाइम नसलेले उंदीर तयार केले. ते नर दिसायला धडधाकट, माद्यांशी त्यांचा संबंध नेहमीसारखा, शुक्रजंतूंची संख्याही ठीक. पण पिल्लू एकही झाले नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर शुक्रजंतू जागच्या जागी वळवळत होते, पुढे सरकत नव्हते. त्यांच्यातली ऊर्जा नेहमीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आलेली होती. २००८ साली एलडीएच-सी नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. नरांची प्रजननक्षमता फार खालावली, माद्यांना मात्र काही फरक पडला नाही. २०१० साली पीजीके-२ बद्दलही असेच दिसले.

धडधाकट नर, भरपूर शुक्रजंतू, आणि तरी पिल्लू नाही. दोन पोतीवाल्या माउलीच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर हे आहे.

इथे एक सावधगिरी. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. ज्या ज्या पुरुषाच्या शुक्रजंतूंना गती नाही त्या प्रत्येकाच्या याच जनुकात बिघाड आहे असे मी म्हणत नाही. कारणे पुष्कळ आहेत. वृषणाच्या शिरा फुगणे, वयात आल्यावर झालेला गालगुंड, तंबाखू, जास्त दारू, मोठा ताप. वृषणे शरीराबाहेर लोंबती असण्याचे कारणच हे की त्यांना अंगापेक्षा दोन-तीन अंश कमी उष्णता लागते. वीटभट्टीपुढे, भटारखान्यात, तासन् तास गाडीच्या तापलेल्या सीटवर काम करणाऱ्यांचा विचार त्या दृष्टीने झाला पाहिजे. शेतीच्या औषधांचाही. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी नावाचे जंतनाशक तयार करणाऱ्या कामगारांची वीर्य तपासणी झाली, तेव्हा अनेकांत शुक्रजंतू फार कमी किंवा मुळीच नाहीत असे आढळले. तेही सगळे धडधाकट गडीच होते. आपापसांत बोलताना 'आपल्यापैकी कुणालाच मूल का होत नाही' हे त्यांच्या लक्षात आले आणि मग तपासणी झाली. माझ्या आत्याच्या सवतींनी एकमेकींशी असे बोलायची सोय असती तर!

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा बाईच्या कारणाच्या जोडीने. मग तपासणीची सुरुवात कुठून व्हावी? सरळ हिशेब करा. बाईच्या तपासण्या अनेक, काही दुखणाऱ्या, खर्चाच्या. पुरुषाची पहिली तपासणी एकच. दोन ते सात दिवस संबंध टाळायचा, डबीत नमुना द्यायचा, तासाभरात तो प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. सुई नाही, भूल नाही, चिरफाड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या मापाप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये किमान १ कोटी ६० लाख शुक्रजंतू आणि त्यांतले निदान ४२ टक्के हालचाल करणारे, ही खालची मर्यादा धरतात. नुसता आकडा पाहून 'भरपूर आहेत' म्हणू नका, गतीचा रकानाही वाचा. आशाताईंनो, हे तुम्ही लक्षात ठेवा. आणि एका तपासणीवर शिक्का मारू नका. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण सव्वादोन ते अडीच महिने लागतात. मध्ये मोठा ताप येऊन गेला असेल तर त्याचा परिणाम पुढे दोन-तीन महिने दिसतो. म्हणून कमी आले तर पुन्हा तपासायचे. माप खाली आले म्हणजे मूल होणारच नाही असेही नाही.

पुरुषांची अडचण मला समजते. त्या जोडप्यातला नवरा एकटा भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, डबी घेऊन जायचं कुठं? तिथल्या बाथरूमला कडी नाही. बाहेर गावातलीच माणसं बसलेली." हे खरे आहे. पुरुषाला लाज वाटू नये अशी एक खोली तपासणीच्या ठिकाणी असावी, ही मागणी आपण स्त्रियांनी करायला हवी. पण भावांनो, एक विचारते. तुमच्या बायकोला त्या टेबलावर, त्या उजेडात, किती वेळा झोपावे लागले? तिच्या लाजेचा हिशेब कुणी मांडला?

चार महिने त्याने काढले. मग चुलतभावाला सोबत घेऊन गेला. संख्या ठीक, गती फारच कमी. पुढच्या तपासणीत शिरा फुगलेल्या आढळल्या, शस्त्रक्रिया झाली. त्यांना अजून मूल नाही, पुढे होईल की नाही मला माहीत नाही. पण घरात दुसऱ्या लग्नाचा विषय निघत होता, तो बंद झाला. सुनेची फाइल कपाटात गेली. सासू मला म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नव्हतं." ते वाक्यही मी वहीत लिहून ठेवले आहे.

मैत्रिणींनो, या विषयाची दुसरी बाजूही बघा. मूल नको असते तेव्हा काय होते? फक्त शुक्रजंतूत असणारे एन्झाइम सापडले म्हटल्यावर शास्त्रज्ञांच्या मनात आले की ते अडवले तर पुरुषासाठी गर्भनिरोधक होईल, आणि बाकी शरीराला धक्का लागणार नाही. विचार चांगला होता. पण एलडीएच-सीच्या तुकड्यावरून लस तयार झाली, तेव्हा १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ती टोचली कुणाला? मादी बबून माकडांना! एन्झाइम नराचे, सुई मादीला. शास्त्रीय कारणे त्यांच्यापाशी असतीलही. तरी हे वाचताना मी थांबले. पुढे दुसऱ्या जातीच्या माकडांत त्या लसीचा उपयोग झाला नाही आणि ती मागे पडली.

दुसरे उदाहरण आपल्या कपाशीचे आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचा पदार्थ असतो. चीनमध्ये कच्चे सरकी तेल खाणाऱ्या गावांत मुले होत नाहीत असे लक्षात आले, त्यावरून १९७० च्या दशकात पुरुषांची गोळी करून पाहिली. आठ हजारांहून अधिक पुरुषांनी ती घेतली. गॉसिपॉल एलडीएच-सीला आणि इतर काही एन्झाइमांना अडवते असे प्रयोगशाळेत दिसले. पण काहींच्या रक्तातले पोटॅशियम घसरले, काहींची प्रजननक्षमता परत आली नाही, म्हणून ती सोडून दिली. सोडली ते योग्यच केले. (बाजारातल्या शुद्ध केलेल्या सरकी तेलातून गॉसिपॉल काढलेले असते, त्याची भीती नको.) माझा प्रश्न एवढाच, की पुरुषाच्या शरीराबाबत दाखवलेली ही काळजी बाईच्या बाबतीत का दाखवली जात नाही? नेट-एन इंजेक्शनाच्या चाचण्यांत बायकांना पुरती माहिती न देता सामील करून घेतले, म्हणून स्त्रियांच्या गटांना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले होते.

आणि रोजचे चित्र काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदी ०.३ टक्के. म्हणजे जवळजवळ सव्वाशे बायकांमागे एक पुरुष! पुरुषाची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे, टाक्याशिवाय होते. मग अडते कुठे? 'गडी कामातून जाईल' इथे. आता ती दोन खाती आठवा. नसबंदीत शुक्रजंतूंची नळी बांधतात. संप्रेरक सरळ रक्तात जाते, त्याला कोणी हात लावत नाही. पोती तेवढीच उचलता येतात.

बघा, समजूत एकच आहे. बीज म्हणजेच मर्दपणा, ही ती समजूत. मूल होत नसेल तर तिच्यामुळे पुरुष तपासणीला जात नाही आणि बाई वांझ ठरते. मूल पुरे झाले तर तिच्यामुळे पुरुष शस्त्रक्रियेला जात नाही आणि बाई शिबिराला जाते. दोन्हीकडे टेबलावर बाईच.

नव्या तंत्रातही हे सुटत नाही. १९८६ साली मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, तेव्हा अनेकींना आशा वाटली, ती खरीही होती. १९९२ पासून एकच शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात सोडण्याचे तंत्र आले. शुक्रजंतूला गती नसली तरी चालते. पण त्यासाठी रोजची इंजेक्शने कोण घेते? बीजे काढायला भूल कोण घेते? ती बाईच, जिच्यात कदाचित काही दोष नाही. मी या तंत्राच्या विरोधात नाही. घ्यायचे तर दोघांनी सगळे समजून घ्यावे, जमीन गहाण टाकण्याआधी समजून घ्यावे, एवढेच म्हणते.

आता कायद्याचे दोन शब्द. मूल न होणे हे घटस्फोटाचे कारण होत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे पहिली बायको हयात आणि लग्न कायम असताना केलेले दुसरे लग्न लग्नच नव्हे, तो गुन्हा आहे. 'वांझ' म्हणून छळणे हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली हिंसाचार आहे. मूल नाही म्हणून टोमणे मारणे, हे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. आणि मूल देतो म्हणून बाईचा गैरफायदा घेणारा बाबा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हेगार आहे.

शेवटी एक आठवण. सावित्रीबाई फुले आपल्या नगरला मिस फरार यांच्या शाळेत शिकवण्याचे शिक्षण घेऊन गेल्या. सावित्रीबाईंना मूल नव्हते. जोतीरावांनी दुसरे लग्न करावे असा घरातून आग्रह झाला. चरित्रकारांनी नोंदवले आहे की त्यांनी ठाम नकार दिला; दोष नवऱ्यातही असू शकतो, आणि याच कारणासाठी बायकोने दुसरा नवरा केला तर चालेल का, असा त्यांचा उलट सवाल होता. तेव्हा ना एलडीएच-सी माहीत होते, ना पीजीके. शुक्रजंतू मोजायची सोय नव्हती. न्यायबुद्धी तेवढी होती. त्यांनी एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतले. आपल्याकडे आज सगळे ज्ञान आहे.

माझी विनंती तीन गोष्टींची. मूल होत नसेल तर तपासणी दोघांची, आणि पहिली त्याची. 'वांझ' हा शब्द आपल्या तोंडातून जावा. तो बाईवरून काढून पुरुषाच्या कपाळी लावायचा नाही, त्याचाही तो अपराध नाही. शरीरातल्या हजार उताऱ्यांपैकी एखादा निघाला नाही, यात कसला अपराध? आणि तिसरी, आता येणाऱ्या हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, गल्लीतल्या त्या एकीला बोलवा, जिला कुणी बोलवत नाही. तिने 'नको' म्हटले तर माझ्यासारख्या गप्प बसून परत येऊ नका. तिचा हात धरून तिला बाहेर आणा.